एका हंगामात चार ड्राइव्ह बेल्ट : १७,००० किलोमीटर चाललेल्या स्नोमोबाइलमधील मूळ दोषाचा शोध

ज्यांच्या स्नोमोबाइलने (पुढे स्की आणि मागे ट्रॅक म्हणजे फिरता रुंद पट्टा असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या वाहनाने) दहा हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला आहे आणि जिचा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा, नवा बसवूनही पुन्हा पुन्हा तुटतो, त्यांच्यासाठी हे टिपण सविस्तर लिहीत आहे. मी कॅनडातील उत्तर ऑन्टॅरिओमध्ये, सडबरीजवळ राहतो. माझी स्नोमोबाइल ६०० सीसीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक आणि द्रवशीतित इंजिनाची आहे. ती मी ११,४०० किलोमीटर चाललेली असताना विकत घेतली आणि पुढचे तीन हंगाम तिने कोणतीही तक्रार केली नाही. चौथ्या हंगामात मात्र डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत चार बेल्ट गेले. पहिला ९०० किलोमीटरवर गेला, दुसरा ६२० वर, तिसरा ४१० वर आणि चौथा अवघ्या ३१० वर. क्लचची (बेल्ट ज्यांवर फिरतो त्या दोन पुल्यांची) जुळणी चांगली असलेल्या यंत्रात एक बेल्ट तीन ते पाच हजार किलोमीटर टिकणे मुळीच असामान्य नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य समजेल.

चौथा बेल्ट तुटला तेव्हा तापमान उणे २७ अंश होते, मोटार जाऊ शकेल असा सर्वांत जवळचा रस्ता ३८ किलोमीटरवर होता आणि मोबाइलला संकेत नव्हता. जास्तीचा बेल्ट सोबत होता म्हणून मी घरी पोहोचलो. बेल्ट बदलण्यास दहा मिनिटे लागतात, परंतु त्या दहा मिनिटांतील बराच वेळ जाड हातमोजे काढावे लागतात आणि बोटांची जाणीव परत येण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. या प्रदेशात बेल्ट तुटणे ही केवळ खर्चाची बाब राहत नाही, ती जिवाची बाब होते. म्हणून पाचवा बेल्ट विकत घेण्यापूर्वी कारण शोधायचे, असे मी ठरवले.

कारणाची पहिली खूण त्या चार आकड्यांतच होती, परंतु मला ती उशिरा दिसली. दोष बेल्टच्या निर्मितीत असता, तर त्यांची आयुष्ये कमी-जास्त, विस्कळीत असती. येथे प्रत्येक बेल्ट आधीच्यापेक्षा कमी टिकला होता. याचा अर्थ यंत्रातील एखादी गोष्ट स्थिर नव्हती, ती दर आठवड्याला अधिक बिघडत होती. प्रत्येक बेल्ट कोणत्या ओडोमीटर आकड्यावर बसवला आणि कोणत्या आकड्यावर गेला, याची नोंद वहीत असेल तरच हा उतार नजरेस येतो, आणि जुन्या यंत्राच्या मालकाकडे अशी वही नसेल तर तिची सुरुवात आजच करावी असे मी आग्रहाने सांगेन.

आता या बेल्टचे काम नेमके काय असते ते पाहू, कारण पुढील सर्व निदान त्यावर उभे आहे. पुण्या-मुंबईकडे ज्यांनी कायनेटिक होंडा किंवा अ‍ॅक्टिव्हा यांसारखी बिनगिअरची स्कूटर चालवली आहे, त्यांना ही रचना परिचित आहे. शंकूच्या उताराच्या दोन तबकड्यांची एक पुली इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर (फिरत्या मुख्य दांड्यावर) आणि दुसरी पुली मागच्या शाफ्टवर असते. वेग वाढला की पहिल्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि मागच्या पुलीत तो खाली उतरतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत आणलेली यंत्रणाही याच तत्त्वाची होती. परंतु स्कूटर आणि स्नोमोबाइल यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. स्कूटरमध्ये बेल्ट नेहमी पकडलेला असतो आणि सुटण्या-पकडण्याचे काम मागच्या चाकाजवळचा वेगळा क्लच करतो. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नसतो. इंजिन मंद गतीने चालत असताना पुढच्या पुलीच्या तबकड्या बेल्टपासून दूर असतात, आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दिला की त्या थेट बेल्टच्या बाजूंना पकडतात. क्लचच्या पट्टीचे कामही बेल्टच करतो. म्हणूनच येथे पुढच्या पुलीला प्रायमरी क्लच आणि मागच्या पुलीला सेकंडरी क्लच म्हणतात, आणि म्हणूनच या जोडणीतील अगदी लहान चूकही बेल्टच्या कडांवर उष्णतेच्या रूपाने उमटते.

तुटलेला बेल्ट कधीही फेकून देऊ नये, त्याचे तुकडेही गोळा करून घरी आणावेत. बेल्ट कसा मेला हे तो स्वतः सांगतो. बेल्टच्या दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी खोल भाजल्याची खाच असेल आणि तेवढाच भाग डमरूसारखा मध्ये आत गेलेला असेल, तर ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असताना थ्रॉटल दिला गेला होता, बेल्ट जागीच उभा होता आणि प्रायमरी क्लच त्याच्यावर घासत राहिला होता. दोन्ही बाजू सर्व घेराभर काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर बेल्ट सतत घसरत होता. त्यामागे थकलेली स्प्रिंग असते, तेलाचा संसर्ग असतो, किंवा झिजून अरुंद झालेला बेल्टच असतो. आतले दाते तुटून पडले असतील, तर कडक थंडीत ताठरलेल्या बेल्टवर एकदम जोर दिला गेला असण्याची किंवा उष्णता फार वाढली असण्याची शक्यता मोठी असते. बेल्ट आडवा, सरळ रेषेत तुटला असेल, तर एखादा जबर धक्का बसला होता. आणि एकाच कडेचे धागे सुटून दोरीसारखे लोंबत असतील, तर दोन्ही क्लच एका रेषेत नव्हते.

माझ्या चारही बेल्टच्या एकाच कडेचे धागे सुटलेले होते. इतकी स्पष्ट खूण समोर असूनही मी दोन महिने चुकीच्या दिशेला गेलो. तो क्रमही सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेकजण याच क्रमाने जातात.

पहिला बेल्ट स्वस्तातला होता, म्हणून मी त्यालाच दोष दिला आणि दुसरा बेल्ट यंत्राच्या निर्मात्याचा मूळ भाग क्रमांक पाहून, जवळजवळ दुप्पट किंमत देऊन घेतला. मूळ क्रमांकाचाच बेल्ट वापरावा हा सल्ला एरवी योग्य आहे, कारण लांबी, रुंदी आणि बाजूंचा कोन यांत थोडाही फरक पडला तर सर्व जुळणी बदलते. परंतु त्याने माझा प्रश्न सुटला नाही. तिसऱ्या बेल्टनंतर मी यंत्र एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. तेथील कारागिराने माझ्यासमोर बेल्ट काढला, त्या मॉडेलसाठी बनवलेली पोलादी जुळणीपट्टी सेकंडरी क्लचच्या तबकड्यांमध्ये बसवली आणि तिचे पुढचे टोक प्रायमरी क्लचला जेथे टेकायला हवे तेथेच टेकते हे दाखवले. दोन शाफ्टमधील अंतर, क्लचचा आत-बाहेरचा सरक आणि कोन, या तिन्ही बाबी पुस्तकात दिलेल्या मर्यादेत होत्या. कारागीर खोटे बोलत नव्हता आणि त्याचे मोजमापही अचूक होते. मात्र ते मोजमाप इंजिन बंद असताना, म्हणजे बेल्टवर कोणताही ताण नसताना घेतलेले होते.

यंत्र चालत असताना काय घडते ते डोळ्यांसमोर आणावे. क्रँकशाफ्ट पुढे आहे, सेकंडरी क्लचचा शाफ्ट मागे आहे, आणि दोघांना जोडणारा बेल्ट इंजिनाच्या डाव्या टोकाला आहे. थ्रॉटल दाबताच बेल्ट ताणला जातो आणि इंजिनाचे डावे टोक मागे ओढतो. उजव्या टोकाला अशी ओढ नसते. इंजिन चौकटीवर रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, जेणेकरून त्याची थरथर स्वाराच्या हातापायांपर्यंत पोहोचू नये. रबर नवे असते तेव्हा ते ही ओढ फार थोडे सरकून सहन करते. पंधरा-सोळा हजार किलोमीटरनंतर मात्र, शेकडो वेळा तापून आणि गोठून, वर इंधनाचे व तेलाचे शिंतोडे झेलून तेच रबर मऊ पडते किंवा आतल्या धातूपासून सुटते. मग थ्रॉटलच्या प्रत्येक दाबाबरोबर इंजिनाचे डावे टोक मागे जाते, उजवे जागेवर राहते, आणि क्रँकशाफ्ट मागच्या शाफ्टशी समांतर राहत नाही. बेल्ट तिरका चालू लागतो. शिवाय दोन क्लचमधील अंतर कमी झाल्यामुळे तो सैल पडतो आणि घसरतो. थ्रॉटल सोडला की इंजिन पुन्हा जागेवर येते, आणि उभ्या यंत्रावर पट्टी लावणाऱ्याला सर्व काही उत्तम दिसते.

हे ताडून पाहण्यासाठी मी जी चाचणी केली ती कोणालाही घरच्या गॅरेजमध्ये करता येईल. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असावे, किल्ली काढलेली असावी. बेल्ट काढून जुळणीपट्टी सेकंडरी क्लचमध्ये बसवावी आणि तिच्या पुढच्या टोकापासून प्रायमरी क्लचपर्यंतची फट मोजून लिहून ठेवावी. नंतर एका सहकाऱ्याने लाकडी दांडा इंजिनाच्या डाव्या टोकाला, धातूच्या भक्कम भागावर टेकवून इंजिन मागे दाबून धरावे. दांडा लाकडीच असावा, पहार वापरल्यास अ‍ॅल्युमिनिअमच्या आवरणाला तडा जाऊ शकतो. इंजिन दाबलेले असतानाच पुन्हा फट मोजावी. माझ्या मित्राच्या जवळजवळ नव्या यंत्रात हा फरक सव्वा मिलिमीटर आला, तर माझ्या यंत्रात तो सहा मिलिमीटर होता. दाब सोडताच पट्टी पुन्हा अचूक जागी आली. दोन महिन्यांचे कोडे त्या क्षणी सुटले.

खात्रीसाठी आणखी एक पडताळणी मी केली. अनेक मॉडेलांत प्रायमरी क्लचच्या बाजूला, इंजिन फार मागे जाऊ नये म्हणून, एक अडथळ्याचा बोल्ट किंवा रबरी थांबा असतो. येथे त्याला टॉर्क स्टॉप म्हणतात. त्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या फटीत मुलांच्या खेळण्यातील मऊ मातीचा गोळा बसवून मी जवळच्या सरळ ट्रेलवर (बर्फातल्या आखलेल्या वाटेवर) दोन किलोमीटर फेरी मारली. परत येऊन पाहिले तेव्हा माती कागदासारखी पातळ होऊन चिकटली होती, म्हणजे इंजिन थांब्यावर जाऊन आदळत होते. दिव्याच्या उजेडात माउंटिंग तपासले असता डावीकडच्या मागच्या माउंटिंगचे रबर अर्ध्याहून अधिक घेरात धातूपासून सुटलेले दिसले. वरून पाहताना ते अखंड दिसत होते, इंजिन दाबल्यावरच चीर उघडत होती.

येथे एक मोह होतो, तो टाळावा. फाटलेले एकच माउंटिंग बदलून भागेल असे वाटते. परंतु उरलेली तीन तेवढीच जुनी आणि तेवढीच मऊ असतात. एक ताठ आणि तीन मऊ अशा आधारावर इंजिन तिरके बसते आणि नव्या माउंटिंगवर सगळा भार येतो. मी चारही एकत्र बदलली, टॉर्क स्टॉपची फट त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकानुसार फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) लावली आणि त्यानंतरच जुळणी पुन्हा मोजली. हा क्रम उलटा केल्यास दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

मूळ दोष सापडला, पण तेवढ्यावर काम संपले नाही. तिरक्या बेल्टने बावीसशेहून अधिक किलोमीटरमध्ये इतर भागांवर काय परिणाम केला हे पाहणे आवश्यक होते, आणि इतक्या चाललेल्या यंत्रात या भागांचे आयुष्य असेही संपत आलेले असते. सेकंडरी क्लच ज्या शाफ्टवर बसतो त्या जॅकशाफ्टचे डावे बेअरिंग हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उजवीकडचे बेअरिंग चेनकेसमधील (ट्रॅकच्या शाफ्टला ताकद देणारी चेन असलेल्या बंद पेटीतील) तेलात असल्यामुळे ओले राहते, डावीकडच्याला तो आधार नसतो. बेल्ट काढून सेकंडरी क्लच दोन्ही हातांनी धरावा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवावा. क्लच शाफ्टवर हलतो आहे की शाफ्टच बेअरिंगमध्ये हलतो आहे हे बोट लावून वेगळे ओळखावे. माझ्या यंत्रात शाफ्टच हलत होता. बेअरिंग काढल्यावर त्यात ग्रीसऐवजी गंजलेली कोरडी माती निघाली. ट्रॅक फिरवणाऱ्या खालच्या शाफ्टच्या डाव्या बेअरिंगचीही हीच कथा असते, म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलावीत.

प्रायमरी क्लच उघडणे हे काम जपून करावे लागते. तो क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि त्याच मॉडेलसाठीच्या पुलरनेच (ओढून काढण्याच्या साधनानेच) निघतो. हातोडीने ठोकल्यास क्रँकशाफ्टचे टोक वाकते आणि मग पुढील खर्चाला सीमा राहत नाही. आतली स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे झाकणाचे बोल्ट सोडताना ते योग्य साधनाने दाबून धरावे, आणि झाकण व तबकड्या वेगळ्या करण्यापूर्वी त्यांच्यावर एका रेषेत खूण करावी, कारण सर्व भागांचा तोल एकत्र साधलेला असतो. आत तीन गोष्टी पाहाव्यात. वजने ज्यांच्यावर धावतात ते रोलर गोल आहेत की एका बाजूने चपटे झाले आहेत, हे बोटाने फिरवून कळते. बुशमध्ये (सरकत्या तबकडीला आधार देणाऱ्या नळीसारख्या भागात) तबकडी डुलते का, हे हाताने जाणवते. आणि वजनांच्या पाठीवर रोलरने खळगा पाडला आहे का, हे नख फिरवले की समजते. माझ्या यंत्रातील तीनपैकी दोन रोलर चपटे होते आणि बुश इतका झिजला होता की तबकडी तिरकी होऊन बेल्टला एका बाजूने आधी पकडत होती. म्हणजे इंजिन जागेवर राहिले असते तरी, उशिरा का होईना, बेल्ट याच पद्धतीने गेला असता. क्लच परत बसवताना क्रँकशाफ्टचे टोक आणि क्लचमधील छिद्र पूर्ण कोरडे व स्वच्छ असावे, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावा. आतील बुशना ग्रीस लावण्याची चूक अनेकजण करतात. ते ग्रीस वेगाने फिरणाऱ्या क्लचमधून बाहेर फेकले जाते आणि थेट बेल्टवर बसते.

तेलाचा विषय निघालाच आहे तर क्रँकशाफ्टच्या क्लचकडील सीलचा उल्लेख करायला हवा. प्रायमरी क्लचच्या मागे इंजिनाच्या आवरणावर ओलसर काळा थर दिसला तर ते सील गळते आहे असे समजावे. टू-स्ट्रोक इंजिनात ही गळती केवळ बेल्ट खराब करून थांबत नाही. त्याच वाटेने बाहेरची हवा आत शिरते, त्या सिलिंडरमधील मिश्रणात इंधनाचे प्रमाण घटते आणि पिस्टन जळण्याचा धोका निर्माण होतो. माझे सील कोरडे होते, तरीही क्लच निघालेला असल्यामुळे मी डायल गेज लावून क्रँकशाफ्टचे टोक डुलत नाही ना हे पाहून घेतले. इतके भाग उघडल्यावर ही दहा मिनिटांची पडताळणी टाळू नये.

यानंतर बेल्टवर मागून पडणाऱ्या ओझ्याकडे वळावे. बेल्ट काढून, यंत्राची मागची बाजू भक्कम स्टँडवर उचलून सेकंडरी क्लच हाताने फिरवला तर ट्रॅक फारसा विरोध न करता फिरला पाहिजे. माझा ट्रॅक अडखळत फिरत होता. त्याचे कारण मागच्या दोन चाकांची गंजून जाम झालेली बेअरिंगे होते, आणि मी मागील हंगामात ट्रॅक गरजेपेक्षा घट्ट आवळला होता ही माझी चूक त्यात भर घालत होती. घट्ट ट्रॅक सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे, तो इंजिनाची ताकद खातो आणि बेल्टला तापवतो. ठरावीक वजन लटकवून ट्रॅकचा झोळ पुस्तकात सांगितल्याइतका ठेवावा आणि मागचे चाक दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर असल्याची खात्री करावी. ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या स्लाइड झिजण्याच्या खुणेपर्यंत आल्या असतील तर त्या बदलाव्यात. कडक बर्फाच्या ट्रेलवर या स्लाइडना वंगण म्हणून आणि इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांना गारवा म्हणून उडणाऱ्या बर्फाच्या भुकटीची गरज असते. ती मिळत नसेल तर बर्फ खरवडणारे स्क्रॅचर खाली सोडावेत. ब्रेक चिकटून राहत नाही ना, तेही याच वेळी कळते. चेनकेसमधील तेल दर हंगामाला बदलावे आणि त्यातील चुंबकावर काय जमले आहे ते निरखावे. राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज असते, परंतु धातूचे चमकदार कण किंवा तुकडे दिसले तर चेन आणि स्प्रॉकेट उघडून पाहणे भाग आहे.

सर्व जुळणी झाल्यावर क्लचच्या तबकड्या बारीक खरखरीत पॅडने घासून, ब्रेक क्लीनरने पुसून घ्याव्यात. नवा बेल्टही बसवण्यापूर्वी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण त्याच्या बाजूंवर कारखान्यातील लेप राहिलेला असू शकतो. बाण किंवा अक्षरे फिरण्याच्या दिशेने येतील असा तो बसवावा, आणि वापरलेला बेल्ट परत घालताना दिशा कधीही बदलू नये. बेल्ट सेकंडरी क्लचच्या कडेच्या पातळीत किंवा तिच्यापेक्षा किंचित वर बसला पाहिजे. तो खाली असेल तर यंत्र जड निघते, आणि फार घट्ट असेल तर थ्रॉटल न देताच यंत्र पुढे रेंगाळू लागते. पहिले ५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊ नये आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. या नियमाला लोक कंपनीची औपचारिकता समजतात. मी मात्र या काळात बेल्टच्या कडा तबकड्यांशी जुळत जाताना प्रत्यक्ष पाहिल्या आहेत आणि हा नियम कधीही मोडत नाही. एक इशारा मात्र ठामपणे द्यायला हवा. बेल्टवरील संरक्षक आवरण काढलेले असताना किंवा बेल्टच नसताना इंजिनाला थ्रॉटल देऊ नये. भार नसलेला प्रायमरी क्लच मर्यादेपलीकडे वेग घेऊन फुटू शकतो आणि त्याचे तुकडे माणसाचा जीव घेऊ शकतात.

पहिल्या लांब फेरीत मी दर २० किलोमीटरला थांबून, इंजिन बंद करून, दोन्ही क्लचचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले. थर्मामीटर नसेल तर जुना नियम पुरेसा आहे, तबकडीवर तळहात काही क्षण ठेवता आला पाहिजे. हात ठेवताच मागे घ्यावा लागत असेल, तर बेल्ट अजूनही कोठेतरी घसरत आहे, आणि दोहोंपैकी जो क्लच अधिक तापलेला असेल त्याच्याकडून शोध सुरू करावा. माझे दोन्ही क्लच हात ठेवण्याजोगे होते आणि त्यांच्या तापमानात फारसे अंतर नव्हते.

दोष दुरुस्त झाल्यावरही सकाळच्या सवयी बदलाव्या लागतात. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या यंत्राचा ट्रॅक आणि स्की जमिनीला चिकटलेल्या असतात. निघण्यापूर्वी मागचा बंपर धरून यंत्र उचलावे आणि खाली सोडावे, स्की दोन्ही बाजूंना हलवाव्यात, इंजिन पुरेसे गरम होऊ द्यावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे, म्हणजे गोठून ताठ झालेला बेल्ट हळूहळू लवचिक होतो. ऑन्टॅरिओत ट्रेलवरील कायदेशीर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे आणि ती पाळणाऱ्याचा बेल्ट अधिक काळ टिकतो, हा माझा अनुभव आहे. गुलमर्गला ज्यांनी पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइल पाहिल्या असतील, त्यांनी तेथील उंचीचाही विचार करावा. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि त्यानुसार प्रायमरी क्लचमधील वजने बदलावी लागतात, अन्यथा इंजिन योग्य फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

जुने यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर सुट्या भागांचा विचार आधीच करावा. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा व्यवसाय थांबवण्याची घोषणा केली आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे तिचे शेवटचे मॉडेल वर्ष ठरले. १९६८ पासून ही यंत्रे बनवणारी कंपनी जर बाहेर पडू शकते, तर आपल्या मॉडेलचे भाग कायम मिळत राहतील असे कोणीही गृहीत धरू नये. माउंटिंगचा एक संच, दोन्ही डावी बेअरिंगे, प्रायमरी क्लचचे रोलर व बुश, क्रँकशाफ्टचे सील आणि दोन बेल्ट एवढे साहित्य मी आता एका कोरड्या पेटीत घरी ठेवतो. बेल्ट पेटीत गुंडाळून दुमडलेला नसावा, तो मोकळा, उन्हापासून दूर ठेवावा. प्रायमरी क्लच मी दर ५,००० किलोमीटरला उघडतो. दाबून केलेली माउंटिंगची चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला करतो आणि आलेला फरक वहीत लिहितो, म्हणजे सव्वा मिलिमीटरचे दोन, दोनाचे तीन होताना कळते. वसंत ऋतूत यंत्र उभे करताना बेल्ट काढून ठेवतो, जेणेकरून उन्हाळ्यात तबकड्यांमध्ये ओल धरून गंज चढणार नाही.

दुरुस्तीनंतर बसवलेला बेल्ट आजवर ३,८५० किलोमीटर चालला आहे. नवा असताना व्हर्निअरने त्याची रुंदी ३७.८ मिलिमीटर भरली होती, गेल्या आठवड्यात ती ३६.६ भरली. झीज तीन मिलिमीटरपर्यंत पोहोचण्यापूर्वी बेल्ट बदलावा, या सर्वसाधारण नियमात तो अजून बसतो. दोन्ही कडांचे धागे अखंड आहेत. माउंटिंगच्या चाचणीत या नोव्हेंबरमध्ये दीड मिलिमीटर फरक आला.